पेपरमिंटची डबी

मंगळवार, ५ मार्च

मंगळवारचा गट आजपासून सुरू झाला. दवाखान्याच्या मागच्या खोलीत बारा खुर्च्या मांडल्या, त्यातल्या नऊ भरल्या. पहिल्याच दिवशी नऊ म्हणजे काही वाईट नाही.

महिन्यापूर्वी डॉक्टर म्हणाल्या होत्या, "सिस्टर, बीपीच्या गोळ्या लिहून द्यायला मला दोन मिनिटं लागतात. त्या रोज गिळायला लावणं हे खरं काम. ते तुम्ही घ्या." त्या माझ्याहून बारा वर्षांनी लहान आहेत, तरी त्यांनी असं काही सोपवलं की मला वर्गाची मॉनिटर केल्यासारखं वाटतं. शेहेचाळिसाव्या वर्षी. ही वही कुणी वाचत नाही म्हणून लिहिते आहे.

फळ्याची कल्पना माझी. डावीकडे सगळ्यांची नावं, पुढे आठवड्यांचे चौकोन. सगळी रिकामी पाकिटं दाखवली तर हिरवा ठिपका, गोळ्या उरल्या तर लाल. फळा मुद्दाम दारासमोर लावला, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल. थोडी लाज वाटली की माणसं वळणावर येतात.

आज एकच लाल ठिपका पडला, वायरमनकाकांचा. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी सगळे त्यांना वायरमनच म्हणतात. पाकीट पुढे करून म्हणाले, "खरं सांगू का सिस्टर, तीन दिवस घेतल्या. चार दिवस राहिल्या."

मी म्हटलं, "काका, नोकरीत असताना उघडी वायर तशीच सोडून घरी जायचात का?"

सगळे हसले. काकाही हसले, जरा उशिराने. त्यांच्या दोन्ही बुटांच्या नाड्या सुटलेल्या होत्या. मनात आलं, ज्याला नाड्या बांधायचं भान नाही त्याला गोळ्या काय आठवणार.

फळ्यावर पहिलं नाव ताईचं लिहिलं. माझी सख्खी मोठी बहीण म्हणून नव्हे, तिची पाकिटं खरंच एका ओळीत फोडलेली असतात म्हणून.

रविवार, १० मार्च

ताई जेवायला आली होती. रविवार हा तिचा एकच सुट्टीचा दिवस, तोही ती माझ्याकडे भांडी घासण्यात घालवते. ती बोटीच्या धक्क्यावर तिकीट खिडकीत बसते. एकवीस वर्षं झाली. नवीन साहेब आल्यापासून तिथे फार कडक झालंय म्हणाली. "खिडकी सोडायची तर वहीत लिहायचं, किती वाजता उठलो, कशासाठी उठलो. शिंकायला उठलं तरी नोंद करायची."

मी म्हटलं, "बरंच आहे की. शिस्त लागते."

"हो, शिस्त लागते," ताई म्हणाली आणि कढई घासायला लागली.

पिशवीत अडकलेला पदर सोडवताना तिची पेपरमिंटची पत्र्याची डबी खाली पडली, चांगली भरलेली, खुळखुळली. मी हात पुढे केला. "दे ना एक. तोंडाला काही चव नाही."

"संपल्यात गं," म्हणाली आणि डबी पिशवीत टाकली. म्हातारपणी माणूस चिकट होत जातो म्हणतात. ताई तर अजून पंचावन्नचीही नाही.

आज आईची आठवण निघाली. आई ताईला धांदरट म्हणायची. कारण एकच. मी नऊ वर्षांची होईपर्यंत अंथरूण ओलं करायचे, आणि ताई आईच्या आधी उठून चादर पिळून टाकायची. आईने विचारलं की सांगायची, माझ्या हातून तांब्या सांडला. किती वर्षं तिने तो तांब्या सांडवला. मी हे कधी कुणाला सांगितलेलं नाही. तिनेही नाही.

मंगळवार, १९ मार्च

वायरमनकाकांना पुन्हा लाल. आज मी त्यांना उभं करून सगळ्यांना विचारलं, "काकांनी काय करायला हवं, सांगा बरं." शिवणकामवाल्या मावशी म्हणाल्या, गजर लावा. दुसरे कुणी म्हणाले, काकूंना सांगा. काका म्हणाले, "विसरत नाही हो मी." पण तेवढ्यात डॉक्टरांनी हाक मारली आणि ते बोलणं तिथेच राहिलं.

ताईला मंगळवारी सुट्टी मिळत नाही. तिचे तीनही ठिपके मीच लावले. पाकिटं ती रविवारी दाखवतेच, आणि माझा तिच्यावर विश्वास आहे. हिरवे.

शनिवार, ३० मार्च

आज ताईची तपासणी होती. कामावरून परस्पर आली. वरचं एकशे चौऱ्याहत्तर, खालचं एकशे दोन. मी दोनदा पट्टा बांधून बघितलं.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "तीन गोळ्या चालू असताना हे इतकं नको. सिस्टर, तुम्ही सांगा. या रोज घेतात का? घेत नसतील तर गोळ्या वाढवण्यात अर्थ नाही, उलट धोका आहे."

ताई माझ्याकडे बघत होती.

मी म्हटलं, "डॉक्टर, माझ्या डोळ्यांसमोर घेते."

असं का म्हटलं मी? ताई तीन गल्ल्या पलीकडे राहते. तिला गोळी घेताना मी एकदाही बघितलेलं नाही. म्हणायचं होतं की मला खात्री आहे, आणि तोंडातून हे निघालं. पण दोन्हींचा अर्थ एकच नाही का?

चौथी गोळी सुरू झाली. घरी जाताना ताई म्हणाली, "चिमे, एवढं कशाला बोललीस?" मला वाटलं, तिला भरून आलंय.

मंगळवार, १६ एप्रिल

जिल्ह्याच्या आरोग्य खात्याचे दोन अधिकारी आले होते. फळ्याचा फोटो काढला. "असं काम सगळीकडे व्हायला पाहिजे," म्हणाले. ताईच्या ओळीवर बोट ठेवून एकाने विचारलं, "या कोण? एकही लाल नाही." मी म्हटलं, "माझी बहीण."

वायरमनकाका सलग तीन आठवडे आले नाहीत. फोन लावला तर काकू म्हणाल्या, झोपलेत. सकाळी अकराला. जाऊ दे. ज्याला यायचंच नाही त्याच्यामागे किती धावायचं.

शनिवार, २७ एप्रिल

वरचं एकशे ब्याऐंशी.

डॉक्टर माझ्याशी बाजूला बोलल्या. हे असंच राहिलं तर कधीतरी मेंदूत रक्तस्राव होईल, नाहीतर मूत्रपिंडं जातील. एका गोळीची ताकद दुप्पट केली. मूत्रपिंडाच्या मोठ्या तपासणीसाठी शहरातल्या रुग्णालयाला चिठ्ठी लिहून देणार आहेत. "औषधं चुकत नाहीत हे नक्की म्हणून सांगते, नाहीतर आधी तेच धरलं असतं."

 ताईला सरळ म्हटलं, एक आठवडा रजा टाक आणि माझ्याकडे राहायला ये. ती आधी नाही म्हणाली. मग माझ्या तोंडाकडे बघून हो म्हणाली.

सोमवार, २९ एप्रिल

सकाळी सातला चार गोळ्या ताईच्या तळहातावर ठेवल्या आणि पाण्याचा पेला हातात दिला. ती गोळ्यांकडे बघत बसली.

"यातली लघवीची कुठली गं?"

"ती पिवळी. का?"

"काही नाही. सहज."

मग चारी एकदम तोंडात टाकल्या. मला इतकं बरं वाटलं. म्हटलं, आता खरंच डोळ्यांसमोर घेते.

गुरुवार, २ मे

ताई आता झोपली आहे.

दहाच्या सुमारास शेजारीणबाईंचा दवाखान्यात फोन आला. ताई पडली. मी पोचले तेव्हा ती बाथरूमच्या दाराशी भिंतीला टेकून बसली होती. उजवं मनगट वाकडं झालेलं, कपाळाला खोक. साडी ओली, फरशी ओली. मला बघून पहिलं वाक्य काय बोलली, तर, "पाणी सांडलं गं माझ्या हातून. पाय घसरला."

प्लास्टर घातलं. सहा आठवडे. डॉक्टरांनी स्वतः पट्टा बांधला, आधी झोपवून, मग उभं करून. उभं केल्यावर वरचं अठ्ठ्याऐंशी. ताईला घेरी आली, पुन्हा झोपवलं.

"सिस्टर, हे मला कळत नाही. इतके महिने तसूभर खाली येत नाही आणि चार दिवसांत एवढं? घरीसुद्धा घेतच होत्या ना या?"

"हो," मी म्हटलं. विचार करायच्या आधीच.

शुक्रवार, ३ मे

ताईचा चष्मा शोधायला तिची पिशवी उघडली. तळाशी पेपरमिंटची डबी होती. उघडली.

पांढऱ्या, गुलाबी, पिवळ्या. मोजायला बसले आणि अर्ध्यात सोडलं. काही गोळ्यांचे कोपरे झिजून भुकटी झाली होती, रोज धक्क्यापर्यंत जाऊन येऊन.

डबी होती तशी ठेवली. चष्मा तिच्या उशाखालीच सापडला.

शनिवार, ४ मे

डॉक्टरांनी त्या मोठ्या तपासणीची चिठ्ठी लिहिली आणि माझ्या हातात दिली. मी घेतली. सांगायला हवं होतं. खोलीत आम्ही दोघीच होतो, दार लोटलेलं होतं, पाच मिनिटं होती. मी विचारलं, "चहा सांगू का तुम्हाला?"

ताईचा राग येतोय असं मी सकाळपासून स्वतःला सांगते आहे. इतके महिने फसवलं मला. पण फसवलं तिने, तर मग ठिपके कुणी लावले?

सोमवार, ६ मे

सकाळी ताईच्या केसांना तेल लावत होते. एका हाताने तिला वेणी घालता येत नाही. ती पाठमोरी होती म्हणूनच विचारता आलं.

"ताई, डबी बघितली मी."

तिने प्लास्टरचा हात मांडीवर सारखा केला. मग म्हणाली, "टाकवत नव्हत्या गं. औषध आहे ते."

"पण का?"

"चिमे, तिथं खिडकीत सातला बसले की एक वाजेपर्यंत उठायचं नाही. उठायचं तर त्या वहीत लिहायचं. कशासाठी ते लिहायचं. तिथले सगळे बाप्ये, सगळे त्या वहीत सह्या करतात. साहेब मोठ्याने वाचतो. तासाला दोनदा काय लिहू मी?" मग थोडं थांबून, "आणि मागच्या वर्षी गोळ्या सुरू झाल्या ना, त्या पहिल्याच आठवड्यात एकदा... नाही धरवलं. रांग होती समोर. मी बसूनच राहिले. बोट सुटली, सगळे गेले, साहेब गेला, तरी बसूनच होते. मग खुर्ची धुतली."

मी तेल लावत राहिले. 

"कुठल्या गोळीनं होतं ते कळत नव्हतं, म्हणून सगळ्याच ठेवून द्यायचे. रविवारी घ्यायचे. रविवारी घरात असते ना."

"मला सांगायचंस."

"कसं सांगणार? तू 'सकाळची गोळी सकाळीच' म्हणून बजावून गेलेलीस. माझं नाव सगळ्यांत वर लिहिलंस. आणि तुझ्या त्या वायरमनची गंमत तूच मला रंगवून रंगवून सांगितलीस. मी म्हटलं, खरं सांगितलं की असं होतं."

वेणी घालून झाली. मला आता गुरुवारची ती फरशी दिसत होती. इतकं पाणी, आणि बादली तर जागच्या जागी भरलेली. "ताई, परवा पाणी सांडलं नव्हतं ना?"

"सांडलं होतं," ती म्हणाली. आईला सांगायची तसंच, अगदी त्याच आवाजात.

मी नंतर मोरीत जाऊन तिची साडी पुन्हा धुतली. धुतलेलीच होती. डाव्या हाताने पिळून तिने दोरीवर टाकलेली होती.

मंगळवार, ७ मे

गट घेतला. फळ्याकडे पाठ करून बसले. आजही सांगितलं नाही. मी भित्री आहे. हे एकदा लिहून बघायचं होतं.

बुधवार, ८ मे

सांगितलं.

डबी टेबलावर ठेवली आणि उभ्या उभ्याच सांगितलं, बसले असते तर बोलता आलं नसतं. डोळ्यांसमोर घेते म्हणाले ते खोटं होतं. ठिपके मी लावले होते. गेल्या गुरुवारी "हो" म्हणाले तेही खोटं, आणि शुक्रवारपासून गप्प बसले ते त्याहून वाईट. ताईची ती खिडकी आणि ती वही, तेही सांगितलं.

डॉक्टर डबीत बघत होत्या. आवाज चढला नाही त्यांचा. चढला असता तर बरं झालं असतं.

"तुमच्या शब्दावर मी चौथी गोळी लिहिली. मग ताकद वाढवली. तुमच्या बहिणीचं डोकं फुटलं असतं, तर मी त्यांच्या मुलीला काय सांगितलं असतं, सिस्टर?"

मी डबीचं झाकण लावलं.

त्यांनी शहरातल्या तपासणीची चिठ्ठी परत मागितली आणि फाडली. ताईचा केसपेपर माझ्यापुढे सरकवला. "जे झालं ते तुम्ही तुमच्या हाताने यात लिहा. उद्या दुसरा डॉक्टर बघेल, त्याला खरं कळलं पाहिजे." मी लिहिलं. चार ओळींना अर्धा तास लागला. त्या समोर बसून होत्या. मी सही केल्यावर म्हणाल्या, "या काम काय करतात, हे माझ्याही कागदावर कुठे नाही." आणि त्यांनी त्याच्या खाली स्वतःची एक ओळ लिहिली.

मग ताईच्या गोळ्या पुन्हा पहिल्यापासून मांडल्या. चारातल्या दोनच राहिल्या. पिवळी बंद. दोन्ही संध्याकाळी, कामावरून आल्यावर. "एवढ्याने भागेल बहुतेक. नाही भागलं तर बघू."

एवढंच होतं. दोन गोळ्या, संध्याकाळी. एक साधा प्रश्न विचारला असता तर.

शुक्रवार, १० मे

वायरमनकाकांच्या घरी गेले. दार काकूंनी उघडलं आणि आत या म्हणायच्या आधी मागे वळून बघितलं. काका स्टुलावर पाय ठेवून बसले होते. पायात कापडी सपाता, घोटे भाकरीच्या पिठासारखे फुगलेले. बोटाने दाबलं तर खळगा पडला असता.

"काका, माफी मागायला आले."

"कसली? तुम्ही खोटं थोडंच बोललात. राहिल्याच होत्या माझ्या गोळ्या."

"विसरत नाही म्हणाला होतात. मग का राहायच्या, ते मी विचारलंच नाही."

त्यांनी पायांकडे बोट दाखवलं. "त्या पांढऱ्या गोळीनं हे होतं. चार दिवस घेतली की बूट चढत नाहीत. नाड्या सोडून यायचो मी तुमच्याकडे. वाटलं, सिस्टर आहेत, बघतील."

बघितलं होतं मी. नाड्याच बघितल्या होत्या.

काकूंनी पाणी दिलं. निघताना काका म्हणाले, "पण ती उघड्या वायरची गोष्ट चांगली होती हं. चाळीस वर्षांत एकही सोडली नाही मी." मस्करीत म्हणाले. 

मंगळवार, १४ मे

फळा काढला. भिंतीवर चौकोनी डाग राहिलाय, बाकीच्या भिंतीपेक्षा पांढरा.

सगळे बसल्यावर सांगितलं, की माझ्या बहिणीच्या ओळीतला एकही हिरवा ठिपका खरा नव्हता आणि ते सगळे मी लावले होते. तिने गोळ्या का घेतल्या नाहीत ते सांगितलं नाही. ते तिचं आहे. मी काय केलं तेवढंच सांगितलं.

 कुणीतरी खुर्ची सरकवली. तिसऱ्या रांगेतून एक बाई उठून सरळ निघून गेल्या, आणि त्या बरोबरच आहेत. मग शिवणकामवाल्या मावशी मांडीवरच्या पिशवीकडे बघत म्हणाल्या, "मी कुंडीत पुरते. त्या झाडाला बीपी नाही आता."

कुणी हसलं नाही. मग वायरमनकाका हसले, आणि मग सगळेच.

मी मावशींना विचारलं, "त्यातली कुठली नकोशी होते?" हे असं विचारायचं मी घरून ठरवून गेले होते. मावशी म्हणाल्या, "सांगते. पण लिहू नका कुठं." मी पेन पर्समध्ये ठेवलं.

रविवार, २३ जून

ताईचं प्लास्टर मागच्या आठवड्यात निघालं. हात बारीक झालाय, हाडाला कातडी चिकटल्यासारखा. उद्यापासून खिडकीत परत. काल वरचं एकशे छत्तीस आलं. डॉक्टरांनी ताईकडे बघून मान हलवली. माझ्याकडे अजून पूर्वीसारखं बघत नाहीत. काही लिहून द्यायचं असलं की एकदा विचारतात, मग मी उत्तर दिलं की पेशंटला पुन्हा विचारतात. मी बाजूला उभी राहून ऐकते.

धक्क्यावरच्या साहेबाला भेटायला जाते म्हटलं, तर ताई म्हणाली, "तू नको गं काही करू." मी गेले नाही. ती वही तिथेच आहे.

गुरुवार, ४ जुलै

आज ताईचा फोन आला. भाजीचं बोलली, मुलीचं बोलली, मग मध्येच म्हणाली, "चिमे, काल गोळी राहिली बघ. आल्या आल्या डोळा लागला."

रागवणार होते. सगळं जिभेवर आलं होतं, गजर लाव, उशाशी ठेव, एवढं होऊनही कशी गं तू. तोंड उघडलंसुद्धा. पलीकडे ताई श्वास रोखून थांबली होती, मला ऐकू येत होतं.

मी म्हटलं, "बरं. आजची घे."

"घेते," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "रविवारी येते. डबीत पेपरमिंट भरल्यात. खऱ्या."